उघडा हात : बिडी मेसन सुईणीच्या चरित्रापासून धडा

(मंडळींतील वर्गांसाठीं. आधीं वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १:१५-२१, प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४२, इब्री लोकांस पत्र १३:१-३.)



माझी आजी सुईण होती. घर पाटलाचें असो कीं शेतमजुराचें, बाई अडली म्हणजे रात्रींबेरात्रीं तिला बोलावणें येई, आणि ती हातांतला घांस टाकून जाई. आमच्या गांवांत जन्मलेल्या बहुतेक मुलांस पहिला स्पर्श तिच्याच हातांचा झालेला होता. तरी त्याच हातांचें पाणी पुष्कळ घरीं चालत नसे. काम आटोपलें कीं पायलीभर ज्वारी व एखादा नारळ दुरूनच तिच्या पदरांत टाकीत, आणि ती ओसरीखालीं उभी राहून तो घेई. लहानपणीं मला तिच्या कामाची लाज वाटे. शाळेंत कोणीं विचारलें तर आजी शेतावर जाते असें मी सांगत असें.

पुढें धर्मशिक्षणासाठीं गेलों असतां निर्गमाचा पहिला अध्याय लक्षपूर्वक वाचण्याचा प्रसंग आला. फारो राजाची क्रूर आज्ञा ज्यांनीं मानिली नाहीं त्या दोघी सुइणीच होत्या, हें तर मला ठाऊक होतें. परंतु एक गोष्ट तोंवर ध्यानांत आली नव्हती. त्या अध्यायांत राजाचें नांव दिलेलें नाहीं. सुइणींचीं नांवें मात्र दिलीं आहेत. तें वाचलें आणि माझी मलाच लाज वाटली.

आज अशाच एका सुईणीचें चरित्र आपणांपुढें ठेवीत आहे. ती आपल्या देशाची नव्हती, आणि तिच्या काळास आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. पण नीच मानलेल्या माणसास नीच मानलेलें काम करावें लागणें म्हणजे काय, हें तिला जितकें ठाऊक होतें तितकें आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांसहि ठाऊक होतें. म्हणून तिची गोष्ट आपणांस परकी वाटणार नाहीं.

१. दास्यांत मिळालेली विद्या

बिडी हिचा जन्म १५ ऑगस्ट १८१८ रोजीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत झाला. त्या काळीं तेथें आफ्रिकन वंशाच्या लोकांस दास करून ठेवीत. कापसाचीं मोठमोठीं शेतें त्यांच्याच श्रमांवर पिकत. दासांचें लग्न कायदा मानीत नसे. दासीच्या पोटीं आलेलें मूल जन्मतःच धन्याच्या मालकीचें होई, आणि धन्याच्या मनास आलें तर आई एकाला व मूल दुसऱ्याला विकलें जाई. कित्येक संस्थानांत दासास लिहावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. बिडीचें पूर्ण नांव ब्रिजेट. मेसन हें आडनांव तिनें पुढें मुक्त झाल्यावर लाविलें. लिहिणें-वाचणें तिला जन्मभर आलें नाहीं.

मिसिसिपी संस्थानांत रॉबर्ट स्मिथ नांवाच्या मनुष्याच्या घरीं ती दासी होती. अक्षरविद्येचें दार बंद असलें तरी एक विद्या तिला मिळाली. वडीलधाऱ्या दासी स्त्रियांपाशीं राहून ती झाडपाल्याचीं औषधें, आजाऱ्याची शुश्रूषा आणि सुईणपण शिकली. ज्यांच्यापाशीं स्वतःच्या मालकीचें कांहींच नव्हतें अशा त्या बायांनीं आपल्या हातांचें कसब तिच्या हातांत घातलें. धन्याला वाटे कीं हें कसब आपल्याच उपयोगाचें आहे. परंतु पुढें त्याच कसबावर बिडीनें आपलें घर उभें केलें, हें आपण पाहणारच आहों.

तिला तीन मुली झाल्या. थोरली एलन, मधली ॲन व धाकटी हॅरिएट.

२. सत्राशें मैलांची वाट

स्मिथ यानें मॉर्मन पंथ स्वीकारला होता. त्या पंथाचे लोक पश्चिमेकडे सॉल्ट लेक नांवाच्या खाऱ्या सरोवराजवळ वसाहत करीत होते. १८४८ सालीं स्मिथ आपलें कुटुंब, गुरें व दासदासी घेऊन तिकडे निघाला. ही वाट सुमारें १,७०० मैलांची, म्हणजे २,७०० किलोमीटरांहून अधिक. मुंबईपासून नागपूर आगगाडीनें साडेआठशें किलोमीटरांच्या आंत आहे. तेवढें अंतर तीन वेळांहून अधिक चालावें तेव्हां ही वाट संपावयाची.

गाड्या पुढें चालत आणि गुरांचा कळप हांकीत बिडी पायीं मागून येई. कळपाची धूळ तिच्या तोंडावर उडे. एलन तेव्हां दहा वर्षांची होती, ॲन चार वर्षांची, आणि हॅरिएट अंगावर पिणारी तान्ही. मुक्काम पडला कीं इतरांस विसांवा मिळे. बिडीस स्वैंपाक व मुलें पाहावयाचीं असत, आणि वाटेंत कोणी स्त्री प्रसूत होणार असेल तर तिच्याजवळ बसावयाचें असे. तिच्या कामास दिवस व रात्र असा भेद नव्हता, आणि त्याची मजुरीहि नव्हती.

तीन वर्षांनीं, १८५१ सालीं, स्मिथ पुन्हा निघाला तो कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो या ठिकाणीं गेला. येथेंच देवानें तिच्यासाठीं एक दार उघडून ठेविलें होतें, परंतु तें आहे हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेंत दास्य निषिद्ध ठरविलेलें होतें, आणि १८५० सालीं तें संस्थान त्याच घटनेनिशीं संयुक्त संस्थानांत सामील झालें होतें. म्हणजे त्या भूमीवर स्मिथास बिडीला दासी म्हणून ठेवण्याचा अधिकार उरला नव्हता. तरी तो तिला दासीप्रमाणेंच राबवीत राहिला. कायदा पुस्तकांत असतो. ज्याच्यासाठीं तो केला त्याच्या कानापर्यंत तो पोहोंचला नाहीं तर अन्याय पूर्वीसारखाच चालतो. हें आपल्या गांवांतहि आपण पाहतों.

३. न्यायाधीशापुढें

१८५५ च्या अखेरीस स्मिथानें टेक्सस संस्थानांत जाण्याची तयारी केली. टेक्ससांत दास्य कायदेशीर होतें. तेथें गेल्यावर बिडी व तिच्या मुली कायमच्या बंधनांत पडल्या असत्या, आणि कदाचित् एकमेकींपासून विकल्याहि गेल्या असत्या.

परंतु तोंवर बिडीस मित्र मिळाले होते. लॉस एंजेलिस शहरांत रॉबर्ट ओवेन्स नांवाचा आफ्रिकन वंशाचा एक मुक्त गृहस्थ गुरांचा व घोड्यांचा व्यापार करीत असे. त्याचा मुलगा चार्ल्स याचें मन एलनवर जडलें होतें. या कुटुंबानें स्मिथाचा बेत सरकारी अधिकाऱ्यांस कळविला. तेव्हां अधिकाऱ्यांनीं बिडी, हन्ना नांवाची दुसरी दासी, आणि दोघींचीं मुलेंबाळें अशीं सर्व माणसें स्मिथाच्या ताब्यांतून सोडवून आपल्या संरक्षणाखालीं ठेविलीं, आणि प्रकरण न्यायाधीश बेंजामिन हेझ यांच्यापुढें आलें.

स्मिथाचें म्हणणें असें कीं हीं माणसें माझ्या घरच्यांसारखींच आहेत व आपखुषीनें माझ्याबरोबर येत आहेत. आतां याला उत्तर कोण देणार? कॅलिफोर्नियाच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणें गोऱ्या मनुष्याविरुद्ध आफ्रिकन वंशाच्या माणसाची साक्ष न्यायालयांत घेतां येत नसे. दास्य नाहीं, पण तोंड उघडण्याचीहि परवानगी नाहीं, अशी ती स्थिति होती. तेव्हां न्यायाधीशांनीं बिडीस आपल्या खासगी खोलींत बोलावून विचारिलें. तिनें सांगितलें तें थोडक्यांत असें : मला जें सांगितलें तें मी नेहमींच करीत आलें, परंतु टेक्ससला जाण्याची मला फार भीति वाटत होती, तेथेंहि तूं येथल्याइतकीच मोकळी राहशील असें मला सांगण्यांत आलें आहे.

हें उत्तर किती सरळ आहे पाहा. तींत धन्याची निंदा नाहीं कीं रडगाणें नाहीं. "आपखुषीनें येते" या शब्दांचा खरा अर्थ काय, तो मात्र तिनें उघड केला. जी नेहमीं सांगितलेलें करीत आली तिची खुषी कोणीं कधीं विचारली होती?

जानेवारी १८५६ मध्यें निकाल लागला. बिडी, हन्ना व त्यांचीं मुलेंबाळें मिळून चवदा जणें मुक्त आहेत असें न्यायाधीशांनीं ठरविलें. बिडी तेव्हां सदतीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षीं, १८५७ सालीं, ड्रेड स्कॉट नांवाच्या दासाच्या खटल्यांत देशाच्या वरिष्ठ न्यायालयानें आफ्रिकन वंशाच्या माणसांस नागरिकत्वच नाहीं असा निकाल दिला. सर्व देशांतून दास्य नाहींसें होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें. बिडीनें व तिच्या मित्रांनीं धैर्य करण्यास थोडा उशीर केला असता तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

४. अडीच डॉलरांची मजुरी

मुक्त झाल्यावर बिडी आपल्या मुलींसह लॉस एंजेलिस येथें ओवेन्स कुटुंबाच्या आश्रयास राहिली. पुढें एलनचें लग्न चार्ल्सशीं झालें. मधली ॲन मात्र मुक्तीनंतर फार दिवस न लोटतां वारली. ज्या आईनें तिला चार वर्षांची असतां सत्राशें मैल नेलें, तिला आतां स्वतंत्र भूमींत तिला मूठमाती द्यावी लागली. सुटका झाली म्हणजे दुःखें संपतात असें नाहीं, हें ख्रिस्ती मनुष्यानें विसरूं नये.

डॉक्टर जॉन ग्रिफिन यांनीं बिडीस सुईण व परिचारिका म्हणून कामावर घेतलें. मजुरी दिवसास अडीच डॉलर. जन्मापासून केलेल्या कामाचा पैसा तिच्या स्वतःच्या हातांत पडण्याची ही पहिलीच वेळ. श्रीमंतांच्या वाड्यांत व गरिबांच्या झोंपड्यांत सारख्याच तत्परतेनें ती जाऊं लागली. लॉस एंजेलिस हें तेव्हां लहानसें गांव होतें व तेथील पुष्कळ वस्ती स्पॅनिश बोलणारी होती. बिडीला अक्षर येत नव्हतें, पण ती स्पॅनिश भाषा बोलावयास शिकली. अडलेल्या बाईला धीर द्यावयाचा तो तिच्याच भाषेंत दिला पाहिजे, हें तिला कोणीं शिकवावें लागलें नाहीं. तिनें शेंकडों मुलें या जगांत आणिलीं.

त्या काळचें सुईणपण किती जोखमीचें होतें हेंहि ध्यानांत घ्यावें. बाळंतज्वरानें असंख्य स्त्रिया मरत. व्हिएन्ना शहरांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें १८४७ सालीं दाखवून दिलें होतें कीं वैद्यानें औषधी पाण्यानें हात धुतले तर हा ज्वर पुष्कळच आटोक्यांत येतो; परंतु फार वर्षें त्याचें म्हणणें मोठमोठ्या डॉक्टरांनींहि मानिलें नाहीं. अशा काळीं बाळंतिणीच्या उशाशीं बसणारी स्त्री प्रत्येक वेळीं जन्म व मरण यांच्या उंबरठ्यावरच बसत असे.

५. देवीची सांथ

१८६२ व १८६३ या सालीं लॉस एंजेलिसांत देवीची भयंकर सांथ आली. आपल्यांतील वडील माणसांस या रोगाचें नांव ऐकूनच कांपरें भरत असे. अंगभर फोड, तीव्र ज्वर, वांचलाच तर चेहऱ्यावर कायमचे वण किंवा डोळ्यांचा नाश. आपल्या देशांतील शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, आणि १९८० सालीं सर्व जगांतून हा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. हें लसीमुळें घडलें, आणि ती लस घेऊन खेडोपाडीं फिरणाऱ्या साध्या माणसांमुळें घडलें. तरुण वाचकांनीं हें ऐकून ठेवावें, कारण ज्याची भीति गेली त्याची आठवणहि जाते.

बिडीच्या गांवांत गरीब मेक्सिकन लोक व तेथील मूळचे रहिवासी यांच्यांत पुष्कळ माणसें दगावलीं. घरचींच माणसें रोग्याला सोडून पळत. अशा वेळीं बिडी आपल्या जिवाची पर्वा न करितां रोग्यांच्या सेवेस गेली. तिलाहि आपल्या मुली होत्या. तरी ती गेली. पुणें येथें १८९७ सालीं प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस मरण आलें, हें आपणांस माहीत आहे. देश निराळा, रोग निराळा. पण जी वाट सर्व लोक सोडतात त्या वाटेनें जाणारे पाय दोन्हीकडे सारखेच.

६. दहा वर्षांची कवडी-कवडी

आतां मी जें सांगणार आहें त्याकडे घरधनी व घरधनीण या दोघांनींहि लक्ष द्यावें.

बिडीनें दहा वर्षें पैसा सांठविला. नोव्हेंबर १८६६ मध्यें तिनें स्प्रिंग स्ट्रीट या रस्त्यावर जमिनीचा तुकडा २५० डॉलरांस विकत घेतला. हिशेब करून पाहा. दिवसास अडीच डॉलर या दरानें ती शंभर दिवसांची मजुरी होते. मग दहा वर्षें कां लागावीं? कारण काम दररोज मिळत नसे. घरभाडें होतें, मुलींचें अन्नवस्त्र होतें, आणि दाराशीं आलेल्यास ती रिकाम्या हातीं परत पाठवीत नसे. या सर्वांतून जें उरलें तें तिनें उधळलें नाहीं. जी स्वतः एके काळीं दुसऱ्याच्या मालमत्तेंत मोजली जात होती, तिच्या नांवानें खरेदीखत झालें. त्यावर तिनें सहीऐवजीं फुली काढली.

ती जमीन त्या वेळीं गांवाच्या कडेला होती. ही आपली वतनाची जागा आहे, ही हातची घालवूं नका, असें तिनें मुलांस बजावून ठेविलें. तिच्यावर तिनें प्रथम भाड्यानें देण्यासारखें लहान घर बांधिलें आणि आपण पुष्कळ वर्षें भाड्याच्याच जागेंत राहिली. गांव वाढत गेलें तशी जमिनीची किंमत वाढली. १८८४ सालीं तिनें त्या जमिनीचा एक भाग १,५०० डॉलरांस विकला व उरलेल्या भागावर विटांची दुमजली इमारत उठविली. खालीं दुकानें भाड्यानें दिलीं, आणि वरच्या मजल्यावर आपण राहावयास गेली. तेव्हां तिचें वय सहासष्ट वर्षांच्या आसपास होतें.

आपल्या मंडळ्यांत कांहीं लोक असें समजतात कीं ज्यानें देवाची व माणसांची सेवा करावयाची त्यानें पैशाचा हिशेब ठेवूं नये. उलट कांहीं लोक असे आहेत कीं पैसा हातीं येऊं लागला म्हणजे शेजाऱ्याचें दार त्यांस दिसेनासें होतें. बिडीचें चरित्र या दोघांनींहि वाचावें. ती काटकसरी होती म्हणूनच तिला उदार होतां आलें.

७. घर, मंडळी व तुरुंग

तिच्या पैशाचें काय झालें? पहिली गोष्ट, तिचें घर सांवरलें गेलें. मुली, जांवई व नातू एका आधाराखालीं राहिले. एलनचा मुलगा रॉबर्ट हा पुढें त्या शहरांतील नांवाजलेला व्यापारी झाला.

दुसरी गोष्ट, १८७२ सालीं तिच्या घरीं कांहीं भाविक जमले आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाची लॉस एंजेलिस येथील पहिली मंडळी स्थापन झाली. आपल्यांतील कित्येक मंडळ्यांचा आरंभहि असाच कोणाच्या तरी ओसरीवर झालेला आहे. पाळकाचा पगार व जागेचा कर भरण्याचा भार पुष्कळसा बिडीनेंच उचलिला. ती मंडळी आजहि त्या शहरांत आहे.

तिसरी गोष्ट, तिचें दार. गरजवंत लोक सकाळपासून तिच्या दाराशीं रांग धरून उभे राहत. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांस सांभाळण्याची तिनें सोय केली. १८८० नंतरच्या वर्षांत पुरानें पुष्कळ कुटुंबें उघड्यावर पडलीं तेव्हां तिनें एका वाण्यास सांगून ठेविलें कीं पूरग्रस्तांपैकीं जो कोणी येईल त्यास शिधा दे व पैसे माझ्या नांवावर मांड. त्यांत तिनें वंश किंवा रंग पाहिला नाहीं. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांस भेटे व त्यांचें समाधान करी. लोक तिला प्रेमानें "बिडी आजी" म्हणूं लागले.

तिच्या घराण्यांत तिची एक शिकवण सांगत आलेले आहेत. तिचा आशय असा कीं मूठ मिटून ठेविली तर तींत चांगलें कांहीं येऊंहि शकत नाहीं. उघडा हात देतो, आणि भरूनहि पावतो. ज्या स्त्रीनें हजार वेळां दोन्ही हात पसरून नवें मूल झेललें, तिला हें सुचावें यांत नवल नाहीं.

१५ जानेवारी १८९१ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, ती देवाघरीं गेली. शेवटच्या आजारांतहि दाराशीं लोक येत, तेव्हां नातवास त्यांस परत पाठवावें लागे. एव्हरग्रीन नांवाच्या स्मशानभूमींत तिला पुरिलें. परंतु तिच्या थडग्यावर नांवाचा दगड नव्हता. सत्त्याण्णव वर्षें ती तशीच निजून राहिली. १९८८ सालीं तिच्या मंडळीनें व शहराच्या नगराध्यक्षांनीं मिळून तेथें दगड बसविला, आणि पुढच्या वर्षीं तिच्या घराच्या जागेजवळ तिच्या आयुष्याची हकीकत दाखविणारी एक भिंत उभारण्यांत आली. माणसांस जें आठवावयास शंभर वर्षें लागलीं, तें देवापाशीं एक दिवसहि विसरलेलें नव्हतें.

८. आपण काय घ्यावें?

पहिला बोध असा कीं हातांच्या कामास नीचपणा नाहीं. रक्त, मळ व व्रण यांस जो हात लागतो तो विटाळलेला, असें आपल्या समाजानें फार काळ मानिलें, आणि दुःखाची गोष्ट ही कीं ख्रिस्ती झाल्यावरहि तो विचार आपल्यांतून पुरता गेलेला नाहीं. मुलगी परिचारिका झाली तर तिच्या लग्नाची चिंता करणारे आईबाप मीं आपल्याच मंडळ्यांत पाहिले आहेत. आज बाळंतपण दवाखान्यांतच व्हावें. तेथें शुद्ध उपकरणें आहेत, रक्त आहे, शस्त्रक्रियेची सोय आहे, आणि घरीं धोका पत्करण्यांत भक्ति नाहीं. परंतु जें काम माझ्या आजीनें केलें तें आज नर्सबाई, गांवची आशाताई व दवाखान्यांतील आया करितात. त्या घरीं आल्या असतां आपण त्यांस कोठें बसवितों व कोणत्या शब्दांनीं हांक मारितों, यावरून आपला विश्वास पारखला जाईल.

दुसरा बोध, श्रमाची मजुरी मागणें व ती जपून ठेवणें हें पाप नाहीं. बिडीनें धन्याच्या घरीं फुकट काम केलें तें सक्तीनें. मुक्त झाल्यावर तिनें मजुरी घेतली. आणि सांथीच्या वेळीं जिवावर उदार होऊन सेवा केली ती आपखुषीनें. फुकट राबविणें आणि मनापासून देणें यांत केवढें अंतर आहे! स्त्रियांच्या बचत गटांतून ज्या भगिनी महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूस ठेवितात त्यांनीं हें चरित्र आपल्या बैठकींत अवश्य वाचावें. आणि त्या पैशास हात घालणाऱ्या नवऱ्यांनींहि तें ऐकावें.

तिसरा बोध, सेवेचा आरंभ घरांत होतो, पण तिचा शेवट घरांत होऊं नये. बिडीनें पहिल्यानें आपल्या मुली वांचविल्या. मग तिचें दार शेजाऱ्यास, पूरग्रस्तास, कैद्यास उघडें झालें. उपदेशक बंधूंनो, आपण आठवड्यांतून कितीदां दवाखान्यांत जातों, आणि कितीदां तुरुंगांत गेलेल्याच्या घरीं जातों? ज्याच्या घरचा मनुष्य कैदेंत आहे त्याच्या दारावरून आपण मान खालीं घालून जात असूं, तर या अशिक्षित स्त्रीनें आपणांस शिकवावयास पुष्कळ ठेविलें आहे.

माझी आजी जाऊन बरींच वर्षें झालीं. तिचें थडगें गांवाबाहेर आहे, आणि त्यावरहि दगड नव्हता. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं भावंडांनीं वर्गणी काढून तेथें एक साधा दगड बसविला. त्यावर काय लिहावें याचा आम्हीं बराच विचार केला. शेवटीं तिचें नांव लिहिलें, आणि नांवाखालीं एकच शब्द लिहिला : सुईण.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत राजाचें नांव नाहीं व सुइणींचीं नांवें आहेत. यावरून देव कोणास मोठें समजतो?

२. कॅलिफोर्नियांत दास्य निषिद्ध असतांहि बिडी पांच वर्षें दासीसारखी कां राहिली? आपल्या गांवांत असा कोणता हक्क आहे जो कागदावर आहे पण गरिबाच्या कानीं पोहोंचलेला नाहीं? तो त्यास कोणीं सांगावा?

३. "हीं माणसें आपखुषीनें येत आहेत" या म्हणण्यास बिडीनें काय उत्तर दिलें? आपल्या घरांतील सुना व चाकर यांच्या खुषीविषयीं आपण कधीं विचारितों काय?

४. दहा वर्षांत बिडीनें २५० डॉलर सांठविले. त्याच काळांत तिनें दान बंद केलें नाहीं. हें कसें साधलें असेल?

५. आपल्या मंडळींत किंवा गांवांत सुईणपण, शुश्रूषा किंवा साफसफाई यांत आयुष्य घालविलेली कोणी वृद्ध स्त्री आहे काय? पुढील रविवारापूर्वीं तिच्या घरीं जा, तिच्याजवळ बसा, तिच्या हातचें पाणी प्या, आणि तिची हकीकत तिच्याच तोंडून ऐकून घ्या.